इंजिनची ताकद चाकापर्यंत पोहोचते तरी किती?

विष्णुपुरीच्या जलाशयातून पंपांनी उपसलेलं पाणी कालव्यात पडतं, तेव्हा ते एका मापाचं असतं. टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत पोहोचतं तेव्हा दुसऱ्याच. वाटेत थोडं झिरपतं, थोडं उन्हानं उडतं. टेलवाल्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र आपण सगळेच कालव्याच्या मुखाशी उभं राहून पाणी मोजतो. जाहिरातीत ‘९० हॉर्सपॉवर’ वाचलं की ती सगळी ताकद चाकांना मिळते, असं धरून चालतो.

जाहिरातीतला आकडा असतो इंजिनचा. इंजिन चाचणीच्या बाकावर बसवून, गिअरबॉक्स आणि चाकं न जोडता, क्रँकशाफ्टच्या टोकाशी तो मोजलेला असतो. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ या शब्दातला ब्रेक म्हणजे आपल्या पायाखालचा ब्रेक नव्हे. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी यानं १८२१ मध्ये फिरत्या दांड्याला ब्रेक लावून त्याची ताकद मोजण्याची युक्ती काढली, तिचं हे नाव. विष्णुपुरीचं श्री गुरुगोविंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय असो की आणखी कुठलं, यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्याला दोरीच्या ब्रेकनं इंजिनची ताकद मोजण्याचा प्रयोग माहीत असतो. तो त्याच युक्तीचा वारस आहे.

क्रँकशाफ्टपासून पुढे क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, एक्सल आणि मग चाक अशी वाट असते. या वाटेवर गिअरचे दात एकमेकांवर घासतात, बेअरिंग आणि ऑइल सील फिरण्याला विरोध करतात, आणि गिअर जाड तेल घुसळत राहतात. या सगळ्यात गेलेली ताकद शेवटी उष्णता होते. लांबचा प्रवास करून थांबलेल्या जीपचा मागचा डिफरन्शियल तापलेला असतो, तो यामुळेच.

सगळ्या गाड्या सारखी गळती करत नाहीत. मारुती ८०० आली १९८३ मध्ये. तिचं इंजिन आडवं आणि ताकद पुढच्याच चाकांना. इंजिन, गिअर, एक्सल सगळे एकमेकांना समांतर फिरणारे, त्यामुळे ताकदीला वळण घ्यावं लागत नाही. गिअरच्या दातांची अशी साधी जोडी जेमतेम एक-दोन टक्के ताकद खाते. अँबेसिडर किंवा लातूर रस्त्यावर धावणारी काळी-पिवळी जीप यांचं तसं नाही. तिथं इंजिन उभं, खालून लांब प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, आणि मागे क्राउन-पिनियनमध्ये ताकदीला काटकोनात वळायचं. या दातांमध्ये लोळण्यापेक्षा घसरणं जास्त असतं, म्हणून नुकसानही जास्त. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत त्यात आणखी भर.

गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: पंधरा टक्के वजा करा, चाकावरची ताकद मिळाली. हिशेब सोपा आहे, पण त्यावर फार विसंबू नये. एक तर चाकावरची ताकद मोजताना गाडी रोलरवर चालवतात, आणि रोलरवर दबणारा टायरही स्वतःचा वाटा खातो. तो दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या गळतीचा एक भाग वेगावर अवलंबून असतो. तेल घुसळायला लागणारी ताकद इंजिन जोर लावतंय की आरामात चाललंय, हे विचारत नाही. दातांच्या घर्षणाचा भाग मात्र जोराच्या प्रमाणात वाढतो. समजा, १०० अश्वशक्तीच्या गाडीत ठरावीक वेगाला ५ तेलात आणि १० दातांत जातात, एकूण १५. त्याच गाडीत, त्याच वेगाला २०० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं तर तेलाचे ५ तसेच, दातांचे २०. नुकसान २५, म्हणजे साडेबारा टक्के. पैसे घेऊन इंजिनची ताकद ‘वाढवून’ देणारे चाकावरच्या आकड्यात सरसकट टक्के मिळवून इंजिनचा आकडा सांगतात, तेव्हा हा हिशेब आठवावा.

उलट बाजूही पाहा. छोटी गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरनं जाताना चाकांना लागते फक्त १०-१२ अश्वशक्ती. इतक्या थोड्या ताकदीत तेल घुसळण्याचा ठरलेला वाटा टक्क्यांत मोठा दिसतो. म्हणून गिअर ऑइलचा पातळ-जाडपणा मायलेजला लागतो. डिसेंबरच्या सकाळी गार पडलेलं तेल पहिले काही किलोमीटर जास्तच ओढतं.

पुण्यातली एआरएआय ही संस्था १९६६ पासूनची. मायलेजची चाचणी रोलरवर करण्याआधी गाडी रस्त्यावर वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि तिचा वेग कसा उतरतो ते नोंदवतात. हवा आणि टायर गाडीला किती ओढून धरतात, हे त्यावरून कळतं. तोच भार मग रोलरवर लावतात.

तरीही सगळा राग गिअरबॉक्सवर काढू नये. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा सुमारे दोन तृतीयांश भाग इंजिनच रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उधळून टाकतं. टाकीतल्या १०० रुपयांच्या पेट्रोलपैकी गिअर-एक्सलच्या वाटेवर जातात साधारण पाच रुपये.

आपल्या भागात हा प्रश्न खरा भिडतो तो ट्रॅक्टर घेताना. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर ४०च्या आसपास मिळतात, आणि रोटाव्हेटर चालतो तो पीटीओवर. नांगर ओढताना तर काळ्या भुसभुशीत रानात चाक घसरतं, रुततं. इंजिनच्या ताकदीपैकी निम्मी-साठ टक्के कामी आली तरी पुष्कळ. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी केंद्रात ट्रॅक्टरची चाचणी होते, तिच्या अहवालात पीटीओ आणि ओढशक्ती वेगवेगळी दिलेली असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा. अवजार निवडताना बॉनेटवरच्या आकड्यापेक्षा तो उपयोगी पडतो.

गाडीवाल्यांनी गिअर ऑइल पुस्तकात लिहिलेल्याच दर्जाचं घालावं. ‘उन्हाळा आहे, जाड टाका’ हा सल्ला ऐकू नये. टायरमधली हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना तपासावी. आणि प्रवासानंतर एकाच चाकाची रिम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेली वाटली, तर तिथं ब्रेक चिकटतोय असं समजून गाडी दाखवून घ्यावी. हात मात्र रिमजवळ न्यावा, लावू नये. अडकलेल्या ब्रेकची रिम चटका देण्याइतकी तापते.