विश्लेषण : सगळी माहिती खोटी, तरीही पुस्तक प्रामाणिक! हे कसे?

पु. ल. देशपांडे यांनी मराठी वाङ्मयाचा एक इतिहास लिहिला आहे. त्याच्या भरवशावर परीक्षेला बसणाऱ्याची दांडी उडणार हे नक्की; पण त्याचा दोष लेखकाला देता येणार नाही, कारण त्याने मुखपृष्ठावरच कंसात एक शब्द टाकून सगळे सांगून ठेवले आहे. रचलेली माहिती आणि तज्ज्ञाचा आव हेच भांडवल असलेल्या अशा पुस्तकांची परंपरा मराठीत शंभर वर्षांहून जुनी आहे. आज त्याच थाटातली वाक्ये रोज मोबाइलवर येतात, फक्त तो कंस नसतो. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या तालुक्याच्या गावी पाऊस, पीक, फवारणी, आजार अशा सगळ्याच विषयांवरचा सल्ला आता फोनवर पोहोचतो. अशा वेळी थट्टेतले खोटे आणि फसवणारे खोटे यांतला फरक कळणे जिवावरचे प्रसंग टाळू शकते.

अशी पुस्तके नेमकी कशी असतात?

त्यांत इतिहास, शास्त्र, आकडेवारी, याद्या, नियम असे सगळे काही असते आणि त्यातले बरेचसे लेखकाने रचलेले असते. भाषा मात्र ज्ञानकोशाची. लेखक कुठेही हसत नाही. अमेरिकेतील जॉन हॉजमन यांचे 2005 मधील ‘द एरियाज ऑफ माय एक्सपर्टीज’ हे अलीकडचे गाजलेले उदाहरण. त्यात अमेरिकेतल्या भटक्यांच्या तब्बल 700 काल्पनिक नावांची यादी आहे. हाताच्या जागी लोखंडी आकडा असलेल्या राष्ट्राध्यक्षांवरही त्यात गंभीर चेहऱ्याने माहिती दिली आहे. पुढे 2008 आणि 2011 मध्ये आणखी दोन भाग निघाले आणि एकच महाग्रंथ असल्याच्या थाटात पृष्ठक्रमांकही आधीच्या भागावरून पुढे चालू ठेवले. माहिती रचलेली आहे, हे लेखक लपवत नाही.

मराठीत याची सुरुवात कोठून झाली?

याचे उत्तर कळंबच्या वाचकाला परके नाही, कारण ते वऱ्हाडातच सापडते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म 1871 मध्ये नागपूरचा. त्यांनी खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली केली. ‘साक्षीदार’ हा त्यांचा पहिला विनोदी लेख 1902 मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात आला. पुढे हे लेख ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने पुस्तकरूपात आले आणि वाढत वाढत 32 झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट कोणत्याही विषयात शहाणपणाचा आव आणून शिरते आणि तोंडघशी पडते. यातून कोल्हटकरांनी रूढी, सणवार आणि समजुतींची खिल्ली उडवली.

याच कोल्हटकरांनी ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथही लिहिला. म्हणजे तज्ज्ञाचे सोंग रंगवणारा लेखक स्वतः एका अवघड शास्त्राचा खरा अभ्यासक होता. खरे ज्ञान कसे बोलते हे ठाऊक असल्याशिवाय खोट्या ज्ञानाची नक्कल साधत नाही.

कोल्हटकरांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी यांनी ‘बाळकराम’ या नावाने हा वारसा पुढे नेला. त्यांच्या ‘कवींचा कारखाना’ या लेखाच्या नावातच थट्टेची दिशा कळते. गडकरींचे निधन 1919 मध्ये नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे झाले.

‘गाळीव’ हा शब्द काय साधतो?

ल. रा. पांगारकर यांचा ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ अभ्यासकांना परिचित आहे. पु. लं.नी तेच भारदस्त नाव घेतले आणि मध्ये कंसात ‘गाळीव’ घातले. ‘मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास’ हे पुस्तक 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. गाळीव म्हणजे गाळून घेतलेला; आणि काय गाळले, काय ठेवले याची खात्री नसलेला, असाही अर्थ वाचक मनातल्या मनात लावतो. संशोधकी थाट, अधिकारवाणी, ठाम निष्कर्ष असे सगळे साहित्य तेथे आहे. पण त्या एका शब्दाने वाचकाशी करार झालेला असतो : येथे जे सांगितले आहे त्यावर हसायचे आहे, त्याचा दाखला द्यायचा नाही. सगळी माहिती रचलेली असूनही असे पुस्तक प्रामाणिक ठरते ते या करारामुळे.

खोट्या माहितीचा साचा कसा असतो?

एक नमुना पाहा : ‘कापसाच्या बोंडांना पहाटे ढोलाचा आवाज ऐकवल्यास ती 17.4 टक्के लवकर फुटतात, हे विदर्भातील जाणकारांनी 1887 मध्येच सिद्ध केले होते.’ हे वाक्य उदाहरणासाठी रचलेले असून ते संपूर्ण खोटे आहे. तरी क्षणभर ते खरे वाटू शकते. त्याची कारणे चार. दशांश चिन्हासह आकडा आहे, त्यामुळे कोणीतरी मोजले असावे असे वाटते. जुने साल आहे, त्यामुळे परंपरेचे वजन येते. ‘जाणकार’ आहेत, पण नाव कोणाचेच नाही, त्यामुळे विचारायला जायचे कोणाकडे हा प्रश्नच उरत नाही. आणि ‘सिद्ध केले’ हे क्रियापद शंकेला जागा ठेवत नाही.

थट्टेखोर लेखक हाच साचा इतका ताणतो की तो दिसू लागतो. अफवा रचणारा तोच साचा बेताने वापरतो, म्हणून तो दिसत नाही. वरचे वाक्य पुढची ओळ कापून कोणी समाजमाध्यमावर पाठवले, तर त्याच क्षणी ते एका गटातून दुसऱ्या गटात जाते.

थट्टा खरी मानली गेल्याचे प्रकार घडले आहेत का?

अनेकदा. इंग्लंडमध्ये 1708 साली जोनाथन स्विफ्ट यांनी ‘आयझॅक बिकरस्टाफ’ या बनावट ज्योतिषाच्या नावाने एक भविष्य छापले : पंचांगकर्ते जॉन पार्ट्रिज 29 मार्चला तापाने मरतील. ती तारीख येताच भविष्य खरे ठरल्याचेही छापले. पार्ट्रिज जिवंत होते, पण स्वतःचे जिवंत असणे सिद्ध करता करता त्यांच्या नाकी नऊ आले.

अलीकडे 2012 मध्ये ‘द ओनियन’ या अमेरिकी विडंबनपत्राने उत्तर कोरियाचे किम जोंग उन यांना जगातला सर्वांत आकर्षक पुरुष ठरवले. चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने ते खरे मानून छायाचित्रांच्या मालिकेसह बातमी दिली. खुद्द पु. लं.च्या नावावरही त्यांनी कधी न लिहिलेला मजकूर सर्रास फिरतो. थट्टा आपल्या पानावर असते तोवर निरुपद्रवी असते. मुखपृष्ठ, लेखकाचे नाव आणि कंस गळून पडला की तिची ‘माहिती’ होते.

यात धोका कोणता?

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढा भागातून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या समाजातील लोक होते. तशा अफवा तेव्हा देशभर व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

यवतमाळ जिल्ह्यासाठी दुसरा धोका आणखी जवळचा आहे. 2017 च्या खरीप हंगामात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. एकापेक्षा जास्त औषधे एकत्र मिसळून फवारण्याचा मुद्दा त्या वेळी चर्चेत आला. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि तिचे खापर मोबाइलवरील संदेशांवर फोडता येणार नाही. पण कोणत्या औषधात काय मिसळावे, याविषयी ठामपणे दिलेला अर्धवट सल्ला किती महाग पडू शकतो, हे या जिल्ह्याला वेगळे सांगावे लागत नाही.

कळंबच्या वाचकाने संदेश कसा पारखावा?

आधी ‘कोठे’ हे विचारावे. समजा ‘कळंबमध्ये अमुक घडले’ असा संदेश आला. कोणते कळंब? चिंतामणीच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे, यवतमाळ-नागपूर मार्गावरचे, की धाराशिव जिल्ह्यातील? दोन्ही तालुक्याची गावे आहेत. जिल्हा, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव यांपैकी काहीच नसेल तर तो संदेश पुढे पाठवण्याच्या लायकीचा नाही.

नंतर ‘चुकले तर जबाबदार कोण’ हे पाहावे. कीटकनाशकाच्या डब्यावरील माहितीपत्रकाला कायद्याचा आधार असतो, निनावी संदेशाला नसतो. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही बोलका आहे : लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. शंका असल्यास यवतमाळचे कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा निःशुल्क क्रमांक आहे.

खरा तज्ज्ञ ओळखण्याची काही खूण आहे का?

खरे ज्ञान चाचणीला तयार असते. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये फलज्योतिषाची अशी चाचणी घेतली. 100 हुशार आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मपत्रिका जमवल्या. 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील हे विचारले. बरोबर उत्तरांचे प्रमाण 46 टक्के निघाले. नाणे उडवूनही साधारण तेवढीच उत्तरे बरोबर आली असती. येथे आकडा आहे, साल आहे, नाव आहे आणि पद्धतही उघड आहे. कोणालाही ती चाचणी पुन्हा करून पाहता येईल. ढोलाच्या आवाजाने फुटणाऱ्या बोंडांच्या वाक्यात नेमकी ही शेवटची सोय नव्हती. खरा जाणकार ‘हे मला ठाऊक नाही’ असेही म्हणतो. सोंगाड्या तज्ज्ञ ते कधीच म्हणत नाही, आणि विनोदी लेखकाने त्याचे तेच मर्म पकडलेले असते.

मग ही पुस्तके वाचायची कशासाठी?

हसण्यासाठी, हे पहिले कारण आणि ते पुरेसे आहे. दुसरे कारण सवयीचे. सुदामा आणि बंडूनाना यांचा आव ज्याने एकदा ओळखला, त्याला पुढच्या वेळी तोच आव मोबाइलच्या पडद्यावरही ओळखू येतो. ‘सुदाम्याचे पोहे’ आणि ‘गाळीव इतिहास’ ही दोन्ही पुस्तके घरातल्या शाळकरी मुलांनाही वाचून दाखवता येण्याजोगी आहेत. वाचताना त्यांनी ‘हे खरे आहे का?’ असे विचारले, तर पुस्तकाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.