रजेचा दिवस आणि एक लेन्स

कामगार चळवळीत केस पांढरे झालेल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले, की तो महागाईवर बोलणार, नाहीतर कंत्राटी कामगारांच्या हालांवर बोलणार, असा अंदाज सगळेच बांधतात. आज आम्ही तो अंदाज चुकवणार आहोत. आमचा आजचा प्रश्न अगदी घरगुती आहे. बायकामुलांसह एक दिवस थीम पार्कात जायचे आहे, बरोबर कॅमेरा न्यायचा आहे. तर त्या कॅमेऱ्याला लेन्स कोणती लावावी?

प्रश्न हौशी लोकांचा वाटेल. पण सुटीचा दिवस ही वस्तू किती महाग आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, आणि तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे अर्ज, सभा आणि सह्यांची मोहीम चालवली तेव्हा. फ्रान्समधल्या कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा १९३६ च्या मोठ्या संपानंतर मिळाली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. म्हणजे रजेच्या एका दिवसाच्या पाठीशी कामाचे वीस दिवस उभे असतात. तो दिवस पिशवीतली यंत्रे चाचपण्यात घालवावा काय, एवढाच आमचा मुद्दा आहे. लेन्सची निवड त्या मुद्द्यावरून व्हावी.

आम्ही हे अनुभवाने बोलतो. काही वर्षांपूर्वी, खोपोलीचे इमॅजिका सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, आमच्या युनियनच्या सभासदांची सहकुटुंब सहल तिथे गेली होती. फोटोंचे काम आमच्याकडे आले. पुतण्याचा कॅमेरा आणि तीन लेन्स आम्ही मोठ्या ऐटीने खांद्यावर घेतल्या. दुपारी होडीच्या सफरीतून आमचा एक टर्नर मित्र आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी, दोघेही नखशिखांत भिजून, बाहेर आली. मुलगी टाळ्या पिटत होती आणि बाप खदखदून हसत होता. या गृहस्थाला आम्ही पंधरा वर्षे गेटसभेत पाहत आलो होतो. असे हसताना कधी पाहिले नव्हते. दोघेही आमच्यापासून दोन मीटरवर उभी. आणि आमच्या कॅमेऱ्यावर लेन्स होती ७० ते ३०० मिलिमीटरची, दूरची! चौकटीत एकाचा कान मावेना की दुसऱ्याची हनुवटी मावेना. मागे सरकावे तर मागे रांग. पिशवी उघडली, झाकणे काढली, दुसरी लेन्स चढवली, मान वर केली. तोवर बाप मुलीचे डोके पुसत होता आणि चेहरा नेहमीसारखा झाला होता. मुलीने विचारले, "काका, फोटो आला का?" आम्ही म्हटले, "आता काढू या की." दोघे ताठ उभी राहिली. तो फोटो आमच्याकडे आहे. पण तो फोटो ओळखपत्राचा आहे, सहलीचा नाही.

चूक कोठे झाली, ते समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. भिणार नाही एवढेच आहे.

लेन्सवर जे मिलिमीटर लिहिलेले असतात, ते तिचे नाभीय अंतर. छायाचित्रकार त्याला फोकल लेंथ म्हणतात. आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर दृश्य अरुंद आणि वस्तू जवळ आल्यासारखी. सर्वसाधारण हौशी कॅमेऱ्यात चित्र उमटवणारा सेन्सर सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. समोरच्या माणसापर्यंतचे अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला साडेतेवीसने गुणा आणि फोकल लेंथने भागा. चौकटीत किती मीटर रुंदीचे दृश्य मावेल ते निघते. दहा मीटरवर १८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये तेरा मीटर रुंदी मावते, म्हणजे सगळी सहल एका ओळीत. ५० मिलिमीटरला पावणेपाच मीटर, म्हणजे एक कुटुंब. २०० मिलिमीटरला जेमतेम सव्वा मीटर, म्हणजे एक मूल. आता आमचा प्रसंग घ्या: दोन मीटर अंतर, ७० मिलिमीटर लेन्स. उत्तर येते सुमारे सदुसष्ट सेंटिमीटर. तेवढ्यात बाप आणि लेक कशी मावणार?

थीम पार्कात दिवसभरात तीन तऱ्हेचे फोटो काढावे लागतात. रांगेत, खानावळीत, बाकावर आपली माणसे दोन-चार मीटरवर असतात. तिथे १८ ते ३५ मिलिमीटर लागते. मिरवणूक, नाच, चक्रावर बसलेली मुले दहा-पंधरा मीटरवर असतात. तिथे ५० ते १०० चालते. आणि रोलर कोस्टर तीस-चाळीस मीटरवरून जातो. कुंपणापलीकडे जाता येत नाही, तेव्हा १३५ ते २०० हवे. यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लांबचा आकडा कमी पडला तर चित्र नंतर कापून थोडे मोठे करता येते. जवळचा आकडा कमी पडला तर चौकटीबाहेर राहिलेला माणूस नंतर आत आणता येत नाही. म्हणून निवड करताना पहिला हट्ट रुंद टोकाचा धरावा, दूरच्या टोकाचा नंतर.

हे सर्व आकडे एकाच नळीत सामावणारी लेन्स म्हणजे झूम. साध्या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स, फोइग्टलेंडर कंपनीची झूमार, १९५९ साली बाजारात आली. तिचा पल्ला ३६ ते ८२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. १९९२ साली टॅमरॉनची २८ ते २०० मिलिमीटरची, सात पटींची लेन्स आली. २०१७ साली त्याच कंपनीने १८ ते ४०० मिलिमीटरची, बावीस पटींची लेन्स काढली. मग कोणी विचारील, बावीस पटींची घेतली की संपले नाही काय?

नाही संपत, कारण लेन्सला प्रकाशही आत घ्यायचा असतो. लेन्सवर एफ ३.५, एफ ५.६ असे आकडे असतात. फोकल लेंथला छिद्राच्या व्यासाने भागले म्हणजे हा आकडा मिळतो. आकडा लहान तर छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त; आणि हा प्रकाश वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एफ २.८ ला एफ ५.६ च्या चौपट प्रकाश मिळतो, एफ १.८ ला जवळजवळ दहापट. २०० मिलिमीटरला एफ ५.६ हवा असेल तर छत्तीस मिलिमीटरचे छिद्र पुरते. तिथेच एफ २ मागितला तर शंभर मिलिमीटरचे लागेल, आणि तेवढ्या काचेचे वजन दिवसभर कोण वाहणार? म्हणून लांब पल्ला, भरपूर प्रकाश आणि हलके वजन या तीन मागण्या एकाच लेन्सपुढे ठेवल्या, तर एक मागणी फेटाळली जातेच. जिला लांबचा पल्ला दिला तिचा प्रकाश कमी, आणि बहुधा टोकांशी चित्राची धारही थोडी बोथट. आम्ही मालकांशी पुष्कळ वाटाघाटी केल्या आहेत. पण भौतिकशास्त्राइतका ताठर मालक आम्ही पाहिला नाही!

प्रकाशासाठीची ही झुंज जुनीच आहे. १८३९ साली दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, तेव्हा माणसाला फोटोसाठी कित्येक मिनिटे न हलता बसावे लागे. १८४० साली व्हिएन्नात योझेफ पेट्झव्हाल या गणिताच्या प्राध्यापकाने एफ ३.६ च्या आसपासची तेजस्वी लेन्स रचली. तिच्या किचकट आकडेमोडीसाठी त्याला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले हिशेबात तरबेज जवान मदतीला दिले होते. त्या जवानांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. एका काचेमागे किती हात असतात, एवढ्यासाठी हे सांगितले.

थीम पार्कात या प्रकाशाचा हिशेब दोन ठिकाणी आडवा येतो. बंद दालनांतल्या अंधाऱ्या सफरी आणि संध्याकाळनंतरची रोषणाई. एफ १.८ वर साठांश सेकंदात निघणारा फोटो एफ ५.६ वर सुमारे षष्ठांश सेकंद घेतो. तेवढ्यात मूल दोनदा मान फिरवते. लेन्समध्ये थरथर आवरणारी योजना असते खरी, पण ती आपला हात स्थिर करते. समोरचे मूल स्थिर करीत नाही. फ्लॅश अशा सफरींत बहुधा चालू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. इतरांचा अंधार बिघडतो.

आता आमचा सल्ला. आपला कॅमेरा वर सांगितलेल्या लहान सेन्सरचा असेल, तर १८ ते १३५ किंवा १८ ते १४० मिलिमीटरच्या आसपासची एकच झूम लेन्स लावावी आणि ती दिवसभर काढू नये. तिचे वजन बहुधा अर्ध्या किलोच्या आत असते. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे छत्तीस मिलिमीटर रुंदीच्या कॅमेऱ्याला २४ ते १०५ हा त्याच जातीचा पल्ला. २०० पर्यंतची घेतली तरी बिघडत नाही, पण तिची गरज दिवसात चार वेळाच पडेल. ऐपत असेल तर सोबत ३५ मिलिमीटर, एफ १.८ ची छोटी लेन्स खिशात असावी. तिचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. दिवे लागल्यावर, बाकावर स्वस्थ बसून, एकदाच ती बदलावी. दोनदा नव्हे.

आपला हात कोणत्या आकड्यावर जातो ते आधी पाहून घ्यावे. जुन्या डिजिटल फोटोत बहुधा त्याची फोकल लेंथ नोंदलेली असते. मागच्या सहलीचे शंभर फोटो काढून पाहा. बहुतेक एका लहान पट्ट्यात सापडतील. मग दुकानदार काहीही म्हणो.

फोन आहे की, असे कोणी म्हणेल. अवश्य वापरावा. भरउन्हात, दोन-चार मीटरवर, फोन उत्तम काम करतो. पण बऱ्याच फोनमध्ये दूरचे दृश्य दोन बोटांनी ओढले म्हणजे लेन्स पुढे जात नाही, चित्र कापून मोठे केले जाते. रोलर कोस्टरवरचा मुलगा त्यात ठिपक्यांचा होतो. तेवढ्यासाठीच कॅमेरा न्यायचा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. सफरीवर बसताना कॅमेरा हातात ठेवू नये. लॉकरमध्ये किंवा खाली थांबणाऱ्या माणसाकडे द्यावा. पाण्याच्या सफरींजवळ साधी प्लास्टिकची पिशवी जवळ असावी. थंडगार दालनातून कोकणच्या दमट हवेत आलात की काचेवर बाष्प धरते; पुसत बसू नये, पाच-दहा मिनिटे थांबावे, आपोआप जाते. जुनी लेन्स विकत घेत असाल तर ती दिव्यासमोर धरून आरपार पाहावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या किनारपट्टीच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. घरची लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

आणि पैशांबद्दल एक शब्द. पतपेढीचे कर्ज काढून लेन्स घेऊ नये. मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. तेही जमत नसेल तर कॅमेऱ्यासोबत आलेली १८ ते ५५ चीच न्यावी. कोस्टर लहान दिसेल. माणसे मात्र सगळी मावतील.

त्या सहलीनंतर आम्ही तीन लेन्सची पिशवी पुतण्याला परत केली. पुढच्या वर्षी एकच झूम नेली. फोटो थोडे कमी धारदार आले, दोन-चार अंधारात हललेही. पण त्या वर्षी आम्ही मुलांबरोबर रांगेत उभे राहिलो, भिजलो, आणि टर्नर मित्राच्या शेजारी बसून भजी खाल्ली. मुलीने पुन्हा विचारले, "काका, फोटो आला का?" या वेळी आला होता.