चित्राची विक्री आणि साखळीतील पावती

चित्रांच्या बाजारात गेली काही वर्षे ‘टोकन’ हा नवा शब्द ऐकू येऊ लागला आहे. चित्रकाराने हाताने रंगविलेले, भिंतीवर टांगता येईल असे मूळ चित्र विकताना त्याच्याबरोबर, आणि कधी कधी त्याच्याऐवजीही, संगणकाच्या वहीतील एक नोंद विकली जाते. ही नोंद म्हणजे टोकन, आणि ज्या वहीत ती असते ती ब्लॉकचेन. चित्राच्या खरेपणाची व मालकीची हमी ही नोंद देते, असे विक्रेते सांगतात. हे म्हणणे कितपत खरे, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे.

हा प्रश्न केवळ धनिकांच्या हौसेचा नव्हे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले थोर चित्रकार सय्यद हैदर रझा 2009 साली दिल्लीत आपल्याच नावाने भरलेल्या एका प्रदर्शनास गेले, तेव्हा तेथील अनेक चित्रे आपल्या हातची नव्हेतच, असे त्यांना आढळून आले. हयात चित्रकारावर ही पाळी येते, तर दिवंगतांच्या चित्रांविषयी काय बोलावे? आणि ज्याने साठविलेल्या पैशातून एखादे चित्र घेतले, त्याने कोणाच्या शब्दावर विसंबावे? खरेपणाचा पुरावा कोणी देऊ करीत असेल, तर तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम ही वही कशी चालते ते पाहू. तिच्या प्रत्येक पानावर, मागील पानाच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक ठसा असतो. मागे कोठे एक अक्षर जरी बदलले, तरी तो ठसा बदलतो आणि पुढील सर्व पानांचे ठसे चुकतात. शिवाय ही वही एका पेढीत नसते. जगभरच्या हजारो यंत्रांवर तिच्या प्रती असतात. एका दुकानातील चोपडीचे पान फाडता येते, पण हजारो दुकानांत एकाच वेळी असलेल्या चोपडीचे कसे फाडणार? म्हणून एकदा झालेली नोंद मागाहून बदलणे जवळजवळ अशक्य होते. वहीचा हा गुण खरा आहे, आणि तो आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

आता नोंदीत काय असते? एक क्रमांक, तो ज्याच्या खात्यावर आहे त्याची खूण, आणि चित्राचे वर्णन वा छायाचित्र कोठे ठेवले आहे त्याचा पत्ता. ज्याच्याजवळ त्या खात्याची गुप्त किल्ली, तो टोकन दुसऱ्याच्या खात्यावर पाठवू शकतो. चित्र मात्र वहीत नसते. ते चित्रशाळेत, गोदामात किंवा कोणाच्या तरी दिवाणखान्यात असते.

आपल्याकडील व्यापाऱ्यांना हा प्रकार सर्वस्वी नवा वाटू नये. हुंडी हाही कागदच, रोकड पेढीवर. कागद हातोहात फिरे आणि त्याबरोबर पैशावरचा हक्कही फिरे. पण हुंडी चाले ती ज्या पेढीवर काढली तिच्या पतीवर. शाहजोग हुंडीचे पैसे तर बाजारात पत असलेल्या शाहालाच द्यावयाचे, असा दंडक होता. कागद कितीही सुबक असो, पेढी बुडाली की त्याची रद्दी होई. टोकनाचेही तसेच आहे. ते चित्राशी बांधलेले असते, पण ही गाठ यंत्र मारीत नाही, माणूस मारतो.

ही गाठ कशी मारली जाते याचे ठळक उदाहरण इंग्रज चित्रकार डेमियन हर्स्ट यांच्या ‘द करन्सी’ या उपक्रमात सापडते. रंगीत ठिपक्यांची, कागदावरील 10,000 चित्रे त्यांनी तयार केली. प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक व नाव, पाठीमागे सही, कागदात जलचिन्ह. नोटेप्रमाणेच सारा बंदोबस्त. जुलै 2021 मध्ये त्यांची टोकने प्रत्येकी 2,000 डॉलरना विक्रीस निघाली. वर्षभरात घेणाऱ्याने निवड करावयाची होती: टोकन परत करून चित्र घ्यावे, नाहीतर टोकन ठेवून चित्र जाळू द्यावे. मुदत संपली तेव्हा 5,149 टोकनांच्या बदल्यात चित्रे गेली आणि 4,851 टोकने राहिली. त्या 4,851 टोकनांची चित्रे जाळण्यास ऑक्टोबर 2022 मध्ये लंडनमध्ये सुरुवात झाली. एका वस्तूचे दोन मालक होऊ नयेत, म्हणून पावती किंवा वस्तू यांपैकी एक नष्ट करण्याचा हा उपाय क्रूर असला, तरी तर्कशुद्ध होता.

परंतु पुढे काय झाले? ही चित्रे 2016 साली केली, असे सांगण्यात आले होते, व तेच साल त्यांवर होते. 2024 साली ‘द गार्डियन’ या वृत्तपत्राने शोध घेऊन लिहिले, की त्यांपैकी निदान 1,000 चित्रे काही वर्षे मागाहून केलेली होती. कल्पना ज्या वर्षी सुचली ते साल घालण्याची आपली पद्धत आहे, असे चित्रकाराच्या बाजूने सांगण्यात आले. हा खुलासा ज्याला पटेल त्याला पटो. आमचा मुद्दा निराळा आहे. टोकनांच्या नोंदी सर्व काळ अभंगच होत्या. त्यांत कोणी ढवळाढवळ केली नव्हती. वहीने जे सांगितले गेले ते इमानाने जपले. ते खरे होते की नाही, हे पाहणे तिचे कामच नव्हते.

कायद्यालाही हाच भेद दिसला आहे. 2022 च्या वित्त कायद्याने भारतात अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतील उत्पन्नावर 30 टक्के कर बसविला. त्याच वर्षी 30 जूनच्या अधिसूचनेने मात्र एक अपवाद केला: ज्या टोकनाच्या हस्तांतराने मागील मूर्त वस्तूची मालकीही हस्तांतरित होते, आणि ते हस्तांतर कायद्याने अमलात आणता येते, ते टोकन या व्याख्येत धरू नये. म्हणजे टोकन आहे एवढे पुरेसे नाही. त्यामागे न्यायालयात टिकणारा करार हवा. सातबाऱ्यावर नाव चढले म्हणजे जमिनीची मालकी सिद्ध झाली असे नव्हे, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

चित्रकाराच्या हिताचीही एक गोष्ट सांगितली जाते. पुढे चित्र पुन्हा विकले गेले की त्याचा वाटा टोकनामुळे आपोआप मिळेल, असे आश्वासन असते. पुनर्विक्रीतील वाटा ही कल्पना आपल्या कायद्यात पूर्वीच आली आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली घातलेल्या 53अ कलमाप्रमाणे, मूळ चित्र 10,000 रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेल्यास चित्रकारास जास्तीत जास्त 10 टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. पण टोकनाचा वाटा विक्रीच्या पेठेच्या मर्जीवर राहतो. ओपनसी या मोठ्या पेठेने ऑगस्ट 2023 मध्ये अशा वाट्याची सक्ती सोडून देण्याचे जाहीर केले. शिवाय भिंतीवरचे चित्र काढून रोख पैशाने विकले, तर वहीला ते कळणार कसे?

तेव्हा टोकन त्याज्य आहे काय? आमचे मत तसे नाही. चित्रकार स्वतः हयात असताना, चित्र हातावेगळे होताच त्याने आपल्या खात्यावरून नोंद केली, तर पन्नास वर्षांनी ती नोंद त्याच्या नातवाला आणि ग्राहकाच्या नातवाला उपयोगी पडेल. मात्र घेणाऱ्याने चार गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली नोंद कोणी केली? चित्र आज कोणाच्या ताब्यात व कोणत्या लेखी करारान्वये आहे? टोकनाबरोबर चित्राची मालकी मिळते, असे त्या करारात स्पष्ट लिहिले आहे काय? आणि किल्ली हरवली वा चोरीस गेली, तर चित्र कोणाचे? यांची सरळ उत्तरे मिळाली, तर टोकन घेण्यास हरकत नाही. ती मिळाली नाहीत, तर चित्र पाहून परत यावे आणि पैसे खिशातच ठेवावेत.