जोडीदाराला सोबत न्यायचंय? मग बँक स्टेटमेंट नेमकं काय मोजतं ते आधी बघा

परदेशातल्या पीएचडीची तयारी करताना तुम्ही प्रपोजल, एसओपी आणि रेफरन्स लेटरवर सहा-आठ महिने घालवता. लग्न झालं असेल किंवा ठरलं असेल तर आणखी एक काम असतं, आणि ते बहुतेक जण ऑफर हातात आल्यावर सुरू करतात: नवऱ्याला किंवा बायकोला सोबत न्यायचं तर लागणारी आर्थिक कागदपत्रं. आमच्या इंद्रलोकमध्ये, भाईंदर पूर्वेला, या विषयावर सल्ला देणारे भरपूर आहेत. सीए आहेत, एजंट आहेत, ज्यांचा भाचा टोरांटोला आहे असे काकाही आहेत. प्रत्येक जण यादी देतो. हा कागद का मागतात, हे मात्र कोणी सांगत नाही. ते कळलं तर यादी पाठ करावी लागत नाही आणि चुकीचा कागद जोडण्याची शक्यताही कमी होते.

तुम्ही संशोधनात शिरणार आहात, तर तशाच नजरेनं बघू. व्हिसा अधिकाऱ्याला हवं असलेलं उत्तर भविष्यातलं आहे: हा माणूस इथं आल्यावर सरकारी मदतीवर अवलंबून राहील का? भविष्य मोजता येत नाही. मग त्याच्या जागी मोजता येईल असं काहीतरी धरावं लागतं. आपण त्याला प्रॉक्सी म्हणतो. प्रत्येक देशाची प्रॉक्सी वेगळी, आणि एकाच देशात दोन व्हिसांसाठीसुद्धा वेगळी असते. काही ठिकाणी साठलेला पैसा बघतात, काही ठिकाणी दर महिन्याला येणारा, आणि अमेरिकेत कायमच्या व्हिसासाठी तर तुमच्याकडून चक्क करार लिहून घेतात.

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेनं ३ ऑगस्ट १८८२ च्या कायद्यात स्वतःचा भार स्वतः उचलू न शकणाऱ्याला बंदरावरूनच परत पाठवायची तरतूद केली. तिथल्या कायद्यातली ‘पब्लिक चार्ज’ ही संज्ञा तेव्हापासूनची. त्यानंतर वर्षही व्हायच्या आत, एप्रिल १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या. त्यांच्या पाठीशी रोझेलच्या कार्पेंटर बाईंचा आसरा होता आणि व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी दिलेले २०० रुपये होते. गोपाळराव नंतर तिकडे गेले, १८८६ च्या पदवीदानाला ते हजर होते. शिकायला गेलेली बायको आणि मागून जाणारा नवरा, हे आपल्याकडे नवीन नाही.

आता आजचं. ब्रिटनपासून सुरू करते, कारण तिथले नियम सगळ्यात काटेकोर लिहिलेले आहेत आणि म्हणून समजायला सोपे आहेत. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सना स्टुडंट व्हिसावर जोडीदाराला नेण्याची मुभा मुख्यतः पीएचडी आणि संशोधनावर आधारित पदव्युत्तर पदवीपुरती उरली. शिकवणीच्या एमएस्सीला गेलेल्या मैत्रिणीला जे जमणार नाही ते तुम्हाला जमू शकतं. एजंटकडे गेलात तर तो अनेकदा जुनं तरी सांगतो किंवा सगळ्यांना एकच सांगतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

समजा, इंद्रलोकमधलं एक जोडपं आहे. तिला लीड्सला रसायनशास्त्रात पीएचडी मिळाली, फी आणि राहण्याचा खर्च विद्यापीठ देणार आहे. तिच्या स्वतःच्या खर्चाचा पुरावा विद्यापीठाच्या प्रवेशपत्रातच, म्हणजे कॅसमध्ये, येतो. नवऱ्याचा येत नाही. स्कॉलरशिप तिच्यासाठी आहे, आणि जोडीदाराचा खर्च उचलू असं पत्रात स्पष्ट लिहिलं नसेल तर तो पैसा वेगळा दाखवावा लागतो. हे लिहिताना जोडीदारासाठीचा आकडा लंडनबाहेर महिना ६८० पौंड आणि लंडनमध्ये ८४५ पौंड आहे, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लीड्ससाठी ६,१२० पौंड, लंडन असतं तर ७,६०५.

पौंड ११५ रुपयांचा धरला तर ६,१२० पौंडांचे ७ लाख ४ हजार रुपये होतात. ११९ चा धरला तर ७ लाख २८ हजार. २४ हजारांचा फरक निव्वळ दराचा आहे, आणि दर तुमच्या बँकेचा धरत नाहीत, अर्जाच्या दिवशीचा ओअँडा या संकेतस्थळावरचा धरतात. त्यामुळे खात्यात बरोब्बर तेवढी रक्कम ठेवणं म्हणजे मापनातली अनिश्चितता शून्य धरण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत असं केलं तर गाइड काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे. दहा टक्के तरी जास्त ठेवा.

खरी गंमत २८ दिवसांच्या नियमात आहे. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असायला हवी आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागच्या ३१ दिवसांच्या आत यायला हवा. सरासरी शिल्लक बघत नाहीत, किमान शिल्लक बघतात. सत्तावीस दिवस आठ लाख होते आणि एक दिवस सोसायटीचा मेंटेनन्स, क्रेडिट कार्डाचं ऑटो-डेबिट आणि एसआयपी एकदम जाऊन सात लाखाच्या खाली आले, तर मोजणी तिथंच तुटते. दुसऱ्या दिवशी पैसे परत भरले तरी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून या पैशासाठी असं एक खातं ठेवा ज्याला यूपीआय, ईएमआय, काहीही जोडलेलं नाही.

आता हेच संशोधकाच्या नजरेनं: २८ दिवस का? एका दिवसाची शिल्लक उसनी आणता येते. २८ दिवसांची आणणं थोडं कठीण, पण अशक्य नाही, आणि त्यामुळे त्याचाही धंदा झाला. व्याजावर महिनाभर पैसे ‘पार्क’ करून देणारे तुम्हाला भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, हे मी संस्कार म्हणून सांगत नाही. अधिकाऱ्याला पैसा खरा वाटला नाही तर तो चौकशी करू शकतो, आणि फसवणूक ठरली तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांची बंदी येऊ शकते. अमेरिकेत खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचं सिद्ध झालं तर प्रवेशबंदी मुळात कायमची आहे. सात लाखांच्या महिनाभराच्या व्याजापायी चार वर्षांची पीएचडी पणाला लागते.

वडील किंवा सासरे खरोखर पैसे देणार असतील तर ते सरळ तुमच्या दोघांपैकी एकाच्या खात्यात वळते करा, दिल्याचं साधं सही केलेलं पत्र ठेवा आणि त्या दिवसापासून २८ मोजायला लागा.

आपल्या घरांचं एक दुखणं इथं उघडं पडतं. आईवडिलांचा वन बीएचके, आईचं सोनं, एलआयसी, पीएफ, थोडे शेअर्स असं सगळं धरलं तर घर चांगलं खातंपितं असतं. ब्रिटनच्या या मोजमापात त्याची किंमत शून्य. शेअर्स, बाँड आणि पेन्शनचे फंड तर नियमांत नाव घेऊन वगळलेले आहेत. सीएनं काढून दिलेलं नेटवर्थ सर्टिफिकेट दिसायला भारदस्त असतं, पण इथं ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय तो प्रश्न त्याला विचारलेलाच नाही.

ब्रिटनची दुसरी वाट बघा: जोडीदार तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर. लग्न ठरवताना ‘मुलगा यूकेत सेटल्ड आहे’ म्हणतात तो प्रकार. तिथं वार्षिक उत्पन्नाची अट आहे. जुलै २०१२ मध्ये ती १८,६०० पौंड होती, ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० झाली. एकाच ठिकाणी सहा महिने नोकरी असेल तर सहा महिन्यांच्या पगार-स्लिपा, त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि मालकाचं पत्र लागतं. तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. स्लिपवरचा निव्वळ पगार त्या तारखेला खात्यात दिसला नाही तर प्रश्न येतो. संशोधनात याला ट्रँग्युलेशन म्हणतात, एकच गोष्ट तीन स्वतंत्र साधनांनी तपासणं. पीएचडीचं स्टायपेंडही या हिशेबात उत्पन्न म्हणून धरता येतं, शैक्षणिक कर्ज धरता येत नाही.

उत्पन्न अजिबात नसेल तर बचत दाखवायची, आणि तो आकडा ८८,५०० पौंड आहे. हा वरवर विचित्र वाटणारा आकडा उलगडून बघा. १६,००० अधिक २९,००० ची अडीच पट. अडीच वर्षं हा साधारण पहिल्या व्हिसाचा काळ. आणि १६,००० ही तिथल्या गरजूंसाठीच्या भत्त्यांची मर्यादा, एवढी बचत असली की भत्ता मिळत नाही. म्हणजे सूत्राचं म्हणणं असं: जिच्यावर भत्ता बंद होतो ती रक्कम बाजूला ठेवा, आणि वर अडीच वर्षांचा पगार दाखवा. एकदा हे दिसलं की आकडा पाठ करावा लागत नाही.

अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदारासाठी एफ-२ किंवा जे-२ व्हिसा असतो. इथं पहिला हिशेब वकिलात करत नाही, तुमचं विद्यापीठ करतं. जोडीदाराचा वर्षाचा खर्च किती हे ते ठरवतं, तुम्ही तेवढा पैसा दाखवला की जोडीदाराच्या नावाचा आय-२० किंवा डीएस-२०१९ निघतो. म्हणून पहिला मेल विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला करा, एजंटला नको. एफ-२ वर नोकरी करता येत नाही. जे-२ वर परवानगी मागता येते, पण ती कमाई मूळ जे-१ विद्यार्थ्याला पोसण्यासाठी वापरायची नाही अशी अट आहे. त्यामुळे ‘बायको तिकडे कमवेल, मग भागेल’ हा युक्तिवाद या अर्जात तुमच्या विरुद्धच जातो.

कायमच्या व्हिसासाठी आय-८६४ हा फॉर्म आहे. त्यात प्रायोजकाचं उत्पन्न सरकारी दारिद्र्य-मर्यादेच्या १२५ टक्के लागतं. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे दोघांच्या घराला २१,१५० डॉलर, त्याचे १२५ टक्के म्हणजे सुमारे २६,४३७. ही मर्यादा आली कुठून? मॉली ओरशान्स्की नावाच्या सोशल सिक्युरिटी खात्यातल्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात एक सोपा हिशेब मांडला. १९५५ च्या पाहणीत कुटुंबं उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा जेवणावर खर्च करताना दिसत होती. म्हणून काटकसरीच्या आहाराचा खर्च गुणिले तीन. पुढे हा आकडा मुख्यतः महागाईच्या निर्देशांकानं वाढवत नेला. घरभाड्याचं प्रमाण कुठल्या कुठे गेलं, मूळ गुणोत्तर १९५५ च्या ताटावरच बेतलेलं राहिलं. प्रॉक्सी एकदा कायद्यात बसली की किती चिवट होते, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

मर्यादा कमी वाटते, पण सही जड आहे. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर ४० तिमाही कामाची नोंद होईपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडेपर्यंत किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ही जबाबदारी राहते. घटस्फोटानं ती संपत नाही. नात्यातला कुणी ‘जॉइंट स्पॉन्सर म्हणून सही करतो’ म्हणाला तर तो काय उचलतोय हे त्याला आधी वाचायला द्या.

जर्मनीत पीएचडी करणारे बरेच जण पगारी कर्मचारी असतात, त्यामुळे नोकरीचा करार आणि पगार-स्लिपा यांवर बरंचसं काम होतं.

राहिला भारतातला कागद. तुम्ही जेआरएफवर असाल तर महिना ३७,००० रुपये मिळतात, पण ते अनेकदा तीन-चार महिन्यांचे एकदम जमा होतात. स्टेटमेंट वाचणाऱ्याला दीड लाखाची अचानक भर दिसते. सोबत अवॉर्ड लेटर आणि विभागाकडून कालावधीचं पत्र जोडा. दुसरं, १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१६) खाली शिष्यवृत्ती करमुक्त धरली जात आली आहे, त्यामुळे फॉर्म १६ नसतो आणि रिटर्नमध्ये उत्पन्न शून्य दिसू शकतं. रिटर्न भरताना ती रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात, शेड्यूल ईआयमध्ये, दाखवलीत तर रिटर्न आणि बँक एकच गोष्ट बोलतात.

आणि नावं. लग्नाचं प्रमाणपत्र मिरा-भाईंदर महापालिकेतून एका नावानं, पासपोर्ट माहेरच्या नावानं, बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगनं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. पैसा पूर्ण असूनही तो ‘कुणाचा’ हे सिद्ध होत नाही. नाव बदलायचं असेल तर सगळीकडे बदला, नसेल तर कुठेच नको, आणि २८ दिवसांची मोजणी सुरू व्हायच्या आधी बँकेत जाऊन हे मिटवा. स्टेटमेंटवर बँकेचं नाव, खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, तारखा आणि रोजचे व्यवहार स्पष्ट हवेत. पासबुकाची झेरॉक्स पुरेल असं धरून चालू नका. आकडे दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्जाच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर ते पुन्हा एकदा बघून घ्या.