छत्तीस अंशांवर गोठलेली कारली

न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या बॅकयार्डात ऑक्टोबर लागला की एक ठरलेली धांदल उडते. मे महिन्यात हौसेनं लावलेली कारली, दुधी, भेंडी, मिरच्या, अळू, सगळ्यांचा हिशेब एका संध्याकाळी चुकता करायचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणीतरी ‘आज फ्रॉस्ट आहे बरं का’ असं टाकतं आणि सल्ल्यांची रीघ लागते. त्यातले बरेचसे ऐकून मी हात पोळून घेतले आहेत, म्हणजे इथे गोठवून म्हणायला हवं.

सगळ्यात महागात पडणारा समज हा: फोनवर ३६ अंश फॅरनहाइट दिसतंय, पाणी ३२ला गोठतं, म्हणजे आज काळजी नाही. एका वर्षी याच भरवशावर मी कारल्याचा मांडव तसाच सोडला. सकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. फोन खोटं बोलला नव्हता. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, पेटीच्या आडोशाला असतो. आपली पानं मात्र उघड्यावर. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की ती आपली उष्णता सरळ वर सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. त्यात थंड हवा जड, ती खाली साचते. उताराच्या तळाशी बाग असेल तर शेजाऱ्याच्या वाट्याचीही तुमच्याकडे येते. त्यामुळे वर ३६ असताना, म्हणजे सुमारे २ अंश सेल्सिअस, पानावर बर्फ धरू शकतो. इथलं हवामान खातं म्हणूनच दोन वेगळे इशारे देतं: पारा ३३ ते ३६च्या आसपास उतरणार असेल तर फ्रॉस्टचा, आणि हवाच ३२ला किंवा खाली जाणार असेल तर फ्रीझचा.

‘सकाळी उठून पाणी मारलं की बर्फ धुऊन जातो, पान वाचतं.’ नाही वाचत. नुकसान आत झालेलं असतं. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरतो, तो पेशींतलं पाणी ओढून घेतो आणि पेशी कोलमडतात. काळं पडणं नंतर दिसतं, एवढंच.

आमचे शेजारी, जन्मभर शेती केलेले गृहस्थ, पौर्णिमेला फ्रॉस्ट पडतो असं ठामपणे सांगतात. आपली कोजागिरी बहुधा ऑक्टोबरातच येते, त्यामुळे त्यांचं म्हणणं खरं ठरताना मी पाहिलंय. पण चंद्राचा यात काही हात नाही. ढग नसले की चंद्र लख्ख दिसतो, आणि ढग नसले की जमिनीची उष्णता अडवायलाही वर काही नसतं. डेकवर मसाला दूध पिताना चांदणं जितकं स्वच्छ, तितकी भेंडीची धडगत कमी. ढगाळ रात्र म्हणजे बागेवर पांघरलेली गोधडीच.

तक्त्यातल्या ‘सरासरी पहिला फ्रॉस्ट’ या तारखेवरही विसंबू नये. सरासरी म्हणजे साधारण निम्म्या वर्षी तो त्याआधीच येऊन जातो.

झाकण्याचं म्हणाल, तर प्लॅस्टिक पानाला जिथे टेकतं तिथेच पान जळतं. जुनी सुती चादर बरी. पण चादर झाडाला ऊब देत नाही, ऊब मातीतून येते. म्हणून ती जमिनीपर्यंत सोडायची आणि कडांवर विटा ठेवायच्या. मी बरीच वर्षं मिरचीच्या बुंध्याशी गाठ मारून झाडाचं गाठोडं करत असे. मातीची ऊब बाहेर आणि झाड आत, असा तो प्रकार. माती दुपारीच भिजवून ठेवली तर आणखी चांगलं, कारण ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरते. निफाडचे द्राक्ष बागायतदार थंडीच्या कडाक्यात रात्री बागेला पाणी देतात, ते उगाच नाही. ते पहाटे शेकोट्याही पेटवतात. तिथे मात्र धूर थंडी अडवतो ही समजूत खरी नाही. धुरानं फारसं काही होत नाही, कामाला येते ती जाळाची ऊब आणि त्यानं हलणारी हवा.

आता टोमॅटो. दरवर्षी घरोघरी खिडकीच्या कट्ट्यावर हिरव्या टोमॅटोंची रांग लागते, ‘ऊन मिळू दे बिचाऱ्यांना’ म्हणून. पिकायला त्यांना ऊन लागतच नाही. लागते ती खोलीतली ऊब आणि फळ स्वतःच सोडतं तो इथिलीन वायू. कागदी पिशवीत एका केळ्यासोबत ठेवा, लवकर पिकतात. फ्रिजमध्ये मात्र नको. तिथे पिकणं थांबतं आणि चवही जाते. पण सगळेच हिरवे पिकत नाहीत. त्यातला एक चिरून पाहा: बियांभोवती बुळबुळीत गर धरलेला असेल आणि सुरीखाली बिया चिरल्या न जाता बाजूला सरकत असतील, तर त्याच्याएवढे बाकीचे पिकतील. बिया चिरल्या गेल्या तर दाण्याचं कूट आणि मिरची घालून सरळ चटणी करा.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. वेल गोठून मेल्यावर त्यावरचे टोमॅटो ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून बाटल्यांत भरून ठेवू नयेत. अशा फळांतलं आम्ल कमी झालेलं असू शकतं, आणि आम्ल कमी पडलं तर बंद बाटलीत बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. फ्रॉस्टच्या आधी तोडलेले हिरवे टोमॅटो मात्र पिकलेल्यांहून आंबट असतात, ते चालतात.

एका संध्याकाळी अख्खी बाग उपटायचीही गरज नसते. भेंडी, वांगी, मिरच्या, दुधी, तुळस आणि अळूची पानं त्याच दिवशी काढा. अळूचे कांदे मागाहून खणता येतात. लाल भोपळाही उचला, फ्रॉस्ट लागलेला टिकत नाही. देठ चांगला बोटभर ठेवून कापा आणि उचलताना देठाला धरू नका. तो मोडला की तिथूनच सड सुरू होते. पालक, मेथी आणि कोथिंबीर हलका फ्रॉस्ट सोसतात. गाजरं तर मातीतच राहू द्यावीत. थंडी लागली की ती आपल्यातल्या स्टार्चची साखर करतात, कारण साखरेचं पाणी लवकर गोठत नाही. आमची शेवटची गाजरं थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी निघतात, आणि त्या दिवशीच्या हलव्याला साखर हात आखडूनच घालावी लागते.