वखारीपासून दिवाणीपर्यंत

इंग्रज व्यापारी म्हणून आले व राज्यकर्ते झाले, हे वाक्य मुले सहज पाठ करतात. परंतु मूठभर व्यापाऱ्यांच्या हाती एवढा देश कसा गेला, हा चौकस मुलाचा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून शिक्षकाने मधल्या पायऱ्या स्पष्ट केल्या पाहिजेत.

इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली स्थापन झाली. सुरतेस वखार घालण्यासाठी तिला मोगल सत्तेची परवानगी घ्यावी लागली. मुलांना लाकडाची वखार ठाऊक असते. कंपनीची वखार म्हणजे माल खरेदून साठविण्याची व गुमास्त्यांच्या निवासाची जागा होय. येथील कापड, नीळ, सोरा यांना युरोपात मोठी मागणी होती. तिकडील मालास मात्र येथे फारसे गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे कंपनीला जहाजे भरभरून चांदी आणावी लागे.

या काळात कंपनी जमिनीवर दुर्बळच होती. १६८६ मध्ये तिने मोगलांशी युद्ध आरंभिले, तेव्हा सिद्दीने मुंबईस वेढा घातला आणि १६९० मध्ये कंपनीला दीड लाख रुपये दंड भरून औरंगजेबाची क्षमा मागावी लागली. तथापि धोका ओळखणारेही होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांना समुद्रकाठी जागा देण्याविरुद्ध इशारा आढळतो.

१७०७ नंतर बादशाही खिळखिळी झाली. १७१७ मध्ये फर्रुखसियरने वार्षिक तीन हजार रुपयांच्या मोबदल्यात कंपनीला बंगालमध्ये जकातमाफी दिली. कंपनीचे नोकर आपल्या खाजगी मालासही ती लावू लागले. नबाबाचे उत्पन्न बुडाले व तंटा वाढला. प्लासी (१७५७) व बक्सार (१७६४) येथील विजयांनंतर १७६५ मध्ये बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार, कंपनीला मिळाला. आता चांदी आणण्याची गरज फारशी उरली नाही. बंगालच्या महसुलातूनच बंगालचा माल खरेदी होऊ लागला. १७७० च्या भीषण दुष्काळातही वसुली थांबली नाही.

वर्गात हे समजावताना गावच्या बाजाराचे उदाहरण घ्यावे. एखाद्या व्यापाऱ्यास बाजारपट्टी वसूल करण्याचा हक्क मिळाला आणि त्याच पैशाने तो शेतकऱ्यांचे धान्य विकत घेऊ लागला, तर काय होईल? हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. उत्तर त्यांनाच शोधू द्यावे; दिवाणीचा अर्थ त्यांना मग वेगळा सांगावा लागणार नाही.