फाळक्यांचा वाटाणा आणि आमचे मूग

घोडबंदर रोडवरच्या आमच्या हॉस्टेलमध्ये दर वर्षी एक तरी महाभाग निघतोच, ज्याला केटी लागल्यावर साक्षात्कार होतो की आपला जन्म इंजिनीअरिंगसाठी नाही, कॅमेऱ्यासाठी झालाय! यंदा तो मान माझ्या रूम पार्टनरचा. घरी फोन झाला, वडील दोन दिवस बोललेच नाहीत. रात्री गच्चीवर त्याने मला विचारलं, "पण हे शिकायचं कुठे रे? कॅमेरा नाही, क्लासला पैसे नाहीत, सिलॅबस नाही."

उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण हेच प्रश्न ज्याच्यापुढे होते असा एक माणूस आपल्याच मातीत होऊन गेलाय. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण त्यांनी धंदा शिकला कसा, हे नीट बघण्यासारखं आहे.

जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला, मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि छपाईचे ब्लॉक बनवणं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगात बायको आणि मूल गेलं, स्टुडिओ सुटला. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्यात छापखाना. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले, आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने! १९०९ मध्ये छपाईची यंत्रं बघायला जर्मनीला गेले. नंतर भागीदारांशी बिनसलं आणि छापखानाही सुटला.

म्हणजे १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून ते वेडे झाले, तेव्हा चाळिशीचा, हातात नोकरी-धंदा नसलेला माणूस होता तो. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळीकडून ड्रॉप! पण नीट बघा. चित्रकलेतून फ्रेम आली, ब्लॉकच्या कामातून केमिकल्सची ओळख झाली आणि जादूतून ट्रिक सीन. काहीच वाया गेलं नाही.

मग अभ्यास सुरू झाला. रोज सिनेमे बघायचे, रात्री जागून प्रयोग करायचे. इतके, की डोळे गेले. उपचारांनी दृष्टी परत आली. विमा पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम प्रत्यक्ष पाहिलं. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची ऑर्डर दिली आणि १ एप्रिलला परत! त्यांचं फॉरेन एज्युकेशन ते एवढंच.

आता भोकांचं गणित. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात आणि प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं लागतात. त्यात कॅमेऱ्याचे दात अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. भोक जरा चुकलं की चित्र पडद्यावर नाचतं. कच्ची फिल्म यायची ती बिनभोकांची, आणि उजेड लागला की खलास, म्हणून सगळं काम अंधारात. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३७०० फुटांचा. गुणाकार करा, पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं! घरचा स्वयंपाक उरकून हे काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. फिल्म धुवायलाही त्याच शिकल्या. आपण वर्कशॉपमध्ये एका जॉबला फाइल मारताना रडतो.

पण भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभराहून जास्त दिवस कॅमेरा तिथून न हलवता एकेक फ्रेम घेतली. पडद्यावर मिनिटभरात बीचं रोप झालं. ही 'अंकुराची वाढ'. ती बघूनच कर्ज मिळालं. पुढे तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात आचारी असलेले अण्णा साळुंके उभे राहिले. (आपल्या मेसमधल्या काकांकडे आता आदराने बघा!) ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

हे वाचून आम्ही मूग भिजवले. येऊरच्या डोंगराकडच्या खिडकीत वाटी, समोर पुस्तकांच्या थप्पीवर मोबाइल. हिशोब सोपा: दर ५ मिनिटांना एक फोटो, ४८ तासांत ५७६. सेकंदाला २४ फोटो दाखवले की २४ सेकंदांची फिल्म.

पहिला प्रयत्न साफ फसला. दिवसा ऊन, रात्री ट्यूबलाइट, त्यात मोबाइल ऑटोवर. दर फोटोला तो स्वतःच उजेड ठरवत होता, त्यामुळे फिल्म दिवाळीच्या माळेसारखी लुकलुकली. वर कुणीतरी चार्जर काढताना मोबाइलही हलवला. दुसऱ्या वेळी खिडकी पुठ्ठ्याने बंद केली, एकच टेबल लॅम्प अखंड चालू ठेवला, एक्स्पोजर आणि फोकस लॉक केला आणि मोबाइल चिकटपट्टीने बांधून टाकला. दोन रात्री लॅम्पच्या उजेडात झोपलो, पण मोड अगदी सरळ वर आले!

त्या दोन दिवसांत पार्टनरला जे कळलं, ते कुठल्या क्लासने शिकवलं असतं कुणास ठाऊक. उजेड आपण ठरवायचा, मशीनने नाही.

फिल्म त्याने वडिलांना पाठवली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, "मोड छान आलेत. पाणी किती वेळा घातलंस?" नंतर बराच वेळ दोघं बोलत होते. केटीचा फॉर्म त्याने भरलाय, आणि खिडकीतला पुठ्ठाही अजून काढलेला नाही.